लिनॅक बसला, आता टीम कशी तयार करायची

लिनॅक, म्हणजे कॅन्सरला किरणांचा शेक देणारं मशीन, बसलं की कंपनीचा ॲप्लिकेशनवाला येतो, बटणं शिकवतो आणि जातो. कोन-बीम कसा घ्यायचा, मॅचिंग कुठून करायचं, शिफ्ट काऊचला, म्हणजे पेशंटच्या टेबलाला, कशी पाठवायची, हे आठवडाभरात होतं आणि बहुतेक वेळा चांगलंच होतं. पण रावेरहून एसटीने आलेले, महिन्याभरात सहा किलो उतरलेले बाबा टेबलावर आहेत, फोटोत मान वाकलेली दिसतेय आणि मशीन म्हणतंय ४ मिमी सरकवा. आता सरकवायचं, की बाबांना उठवून पुन्हा झोपवायचं? हे तो शिकवत नाही. त्याला शिकवताही येणार नाही, कारण आपले पेशंट त्याने पाहिलेले नसतात.

मी मेडिकल फिजिसिस्ट, मूळची अमळनेरची. कोबाल्टच्या जुन्या मशीनवर शिकले, पुढे लिनॅकवर आले, आणि आता जळगाव-धुळे-नंदुरबार भागात कुठे नवीन मशीन बसलं की टीम तयार करून द्यायला जाते. माझी रीत इथे लिहून ठेवतेय. एक-दोन डॉक्टर, एखाद-दुसरा फिजिसिस्ट, चार टेक्नॉलॉजिस्ट आणि एक सिस्टर एवढाच विभाग असेल, तर ती बरीचशी जशीच्या तशी वापरता येईल.

या क्षेत्राबाहेरच्यांसाठी थोडक्यात: पूर्वी अंगावरच्या खुणा आणि भिंतीवरचे लेसर जुळले की शेक द्यायचा. आता लिनॅकलाच जोडलेल्या एक्स-रे ट्यूबने टेबलावरच सीटीसारखा फोटो, म्हणजे कोन-बीम, निघतो. तो प्लॅनिंगच्या सीटीवर बसवून बघायचा (हेच मॅचिंग), फरक असेल तेवढं टेबल सरकवायचं, मग बीम. रोज असं केलं की गाठीभोवती चुकीसाठी म्हणून धरलेली जास्तीची जागा, म्हणजे पीटीव्हीची मार्जिन, कमी करता येते आणि लाळग्रंथी, आतडी, मूत्राशय वाचतात. पण मार्जिन कमी केली आणि फोटो चुकीचा वाचला, तर गाठच बाहेर राहते. म्हणून मार्जिन कमी करायचा विषय टीम तयार झाल्यावर काढा. मशीन नवं आहे हे काही कारण नव्हे.

आधी फँटम

पहिले काही दिवस पेशंट नकोत. प्रशासन कुरकुर करतं, करू द्या. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी, आरएसओ (किरण-सुरक्षा अधिकारी), किरण मोजणारे टीएलडी बॅज ही कागदपत्रं तोवर झालेली असतातच, त्यावर इथे वेळ घालवत नाही.

मधोमध छोटी गोळी असलेला ठोकळा, म्हणजे फँटम, घ्या. फोटोचा मध्य आणि बीमचा मध्य एकच आहे ना, हे रोज सकाळी पहिल्या पेशंटआधी त्यावर बघायचं. अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेच्या टीजी-१४२ या २००९ च्या अहवालात नेहमीच्या उपचारासाठी २ मिमी आणि स्टिरिओटॅक्टिकसाठी (मोजक्या दिवसांत मोठा, नेमका डोस) १ मिमी अशी मर्यादा दिलेली आहे. ही तपासणी फिजिसिस्टने एकट्याने उरकू नये. टेक्नॉलॉजिस्टने करावी, फिजिसिस्टने सही करावी. रोज हात लावणाऱ्याला मशीनचा स्वभाव कळतो.

मग खेळ. सगळ्यांना बाहेर काढून मी ठोकळा गुपचूप ७ मिमी उजवीकडे, ४ मिमी वर आणि ११ मिमी डोक्याकडे सरकवते. आत आल्यावर फोटो घ्या, पण शिफ्ट लावण्याआधी काऊच कुठल्या बाजूला जाईल ते कागदावर लिहा. आकडा मशीन देतंच, घोटाळा दिशेत होतो. ठोकळा उजवीकडे गेलाय म्हणजे काऊच डावीकडे जायला हवा, हे निवांत बसून सगळ्यांना समजतं. कंसोलवर घाईत, त्यात पेशंट पालथा झोपवलेला असेल, तर भले भले अडखळतात. शिफ्ट लावल्यावर दुसरा फोटो घ्यायचा आणि उरलेला फरक वहीत लिहायचा. पुढच्या फेरीला ठोकळ्याखाली कागदाची घडी घालून तो दोन अंशांनी तिरका करते. सहा दिशांचा काऊच असेल तर ते मशीन सुधारेल. तीन दिशांचाच असेल तर तिरकेपणा हातानेच काढावा लागतो, आणि आपला काऊच कुठला आहे हे टीममधल्या प्रत्येकाला ठाऊक असतंच असं नाही.

डॉक्टरांनाही या खेळाला बसवा. "मी नंतर बघतो" म्हणतील. नंतर बघत नाहीत.

ऑटो दाबायच्या आधी

माझा एकच हट्ट असतो: फोटो आला की हात मांडीवर. ऑटो-मॅच दाबायच्या आधी डोळ्याने बघायचं आणि काय दिसतंय ते मोठ्याने बोलायचं.

पेशंट तोच आहे का, इथून सुरुवात. आपल्याकडे सकाळच्या यादीत चार पाटील, दोन महाजन आणि तीन चौधरी सहज निघतात. "सुमनबाई पाटील" अशी हाक मारली की दोघी उठतात. "तुम्ही सुमनबाई ना?" असं कधीच विचारू नका, घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. नाव सांगा, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव सांगा, गाव सांगा, असं त्यांच्याकडून वदवून घ्या आणि फाइलवरचा चेहऱ्याचा फोटो बघा. डोकं-मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवतात त्या साच्यावर नुसतं आडनाव लिहिलेलं मला दिसलं की मी ते पुसायला लावते.

मग भाग तोच आहे का. छातीत आणि पाठीच्या कण्यात एक खास धोका आहे. मणके एकमेकांसारखे दिसतात आणि ऑटो-मॅच शेजारच्या मणक्यावर अगदी व्यवस्थित जाऊन बसतं. पडद्यावर सगळं सुंदर जुळलेलं असतं, फक्त एक मणका खाली. म्हणून मणके मोजायचे: मानेत सी-२ पासून (मानेचा दुसरा मणका) खाली, कमरेत सेक्रमपासून (कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड) वर, छातीत बरगड्या आणि श्वासनलिका दुभागते ती जागा बघून. फोटोची लांबी कमी पडत असेल तर पहिल्या दिवशी समोरून एक साधा एक्स-रेही काढा.

यानंतर ऑटो. मशीन कुठल्या चौकटीत जुळवणार ती चौकट डॉक्टरांनी प्लॅनच्या वेळीच ठरवून द्यायची. टेक्नॉलॉजिस्टने रोज अंदाजाने ओढायची नाही.

गालाचा कॅन्सर, तिसरा आठवडा

खान्देशात तंबाखू, गुटखा आणि मिश्रीमुळे तोंडाचे पेशंट इतके असतात की प्रशिक्षणाची सुरुवात इथूनच करावी. ऑपरेशन झालेला गालाचा पेशंट, ६० ग्रे (डोसचं एकक), ३० फ्रॅक्शन म्हणजे ३० वेळा शेक, सहा आठवडे.

चौकट कवटीच्या तळापासून मानेच्या खालच्या मणक्यांपर्यंत ठेवा आणि खालचा जबडा वगळा. कवळी काढली-घातली, सूज आली, तोंड उघडेनासं झालं, तरी जबड्याची जागा बदलते. ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा काढलेला असेल तर मशीन आणखी गोंधळतं. मॅच झालं की तीन ठिकाणी थांबायचं: सी-२, सी-५, सी-७. ही तीन नावं मी कंसोलवर चिकटवूनच ठेवते. सी-२ बरोबर बसलाय आणि सी-७ सहा मिमी मागे आहे, याचा अर्थ मान वाकली आहे किंवा खांदे वर चढलेत. ऑटो काय करतं? दोन्हींचा मध्य काढतं, म्हणजे वर तीन मिमी चूक आणि खाली तीन मिमी चूक. आकडा छोटा दिसतो आणि टीम खूश होते. टेबल सरकवून जागा बदलते, वाकलेली मान सरळ होत नाही. इथे साचा काढायचा, खांदे खाली ओढायचे, उशी बघायची आणि पुन्हा फोटो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड आलेलं असतं, गिळवत नाही, भाकरी बंद, वजन उतरतं. साच्यात बोट जाईल एवढी फट पडते. दर सोमवारी वजन करून ते फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायला सिस्टरना सांगा, आणि फट दिसली की टेक्नॉलॉजिस्टने फिजिसिस्टला बोलवायचं. चेहरा आत गेला की मज्जारज्जूला किती डोस जातोय हे पुन्हा मोजावं लागतं, कधी नवा साचा आणि नवा प्लॅन करावा लागतो. दाढी, केस यांचंही असंच. घरात कोणी वारलं आणि पेशंटने मधेच मुंडण केलं, की दुसऱ्या दिवशी साचा हलतो. बायकांचा अंबाडा सोडूनच साचा बनवायचा, नाहीतर रोज केसांची गाठ वेगळ्या जागी येते. या गोष्टी साच्याचा पत्रा गरम पाण्यात घालायच्या आधीच पेशंटला आणि सोबतच्या माणसाला सांगून टाका.

पाणी, पोट आणि एसटी

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला हाडं जुळवून भागत नाही. मूत्राशय भरलं की गर्भाशय वर-मागे ढकललं जातं, रिकामं झालं की पुढे पडतं, आणि हा फरक एक सेंटिमीटरच्याही वर जाऊ शकतो. हाडं मात्र दोन्ही दिवशी तंतोतंत जुळतात.

नियम सगळीकडे सारखाच असतो: लघवी करून या, अर्धा लिटर पाणी प्या, पाऊण तास थांबा. आता एप्रिल-मे डोळ्यांपुढे आणा. चोपड्याहून पहाटेच्या गाडीने निघालेली बाई, बाहेर ४४ अंश, वाटेत लघवीला जावं लागेल म्हणून घरून पाणीच न पिता आलेली. तिला अर्धा लिटर दिलं तर शरीरच ते शोषून घेतं. पाऊण तासाने मूत्राशय निम्मंही भरलेलं नसतं. त्याच बाईचं सिम्युलेशन, म्हणजे प्लॅनसाठीचा सीटी, भरपूर पाणी पिऊन झालेलं असेल तर प्लॅन एका मूत्राशयाचा आणि उपचार दुसऱ्याच. म्हणून उन्हाळ्यात पाण्याचं वेळापत्रक आदल्या रात्रीपासून द्या आणि टेबलावर घेण्याआधी सोनोग्राफीचा छोटा प्रोब लावून बघा. हे काम सिस्टर उत्तम करतात, त्यांना शिकवा. पाणी देणाऱ्या मावशींनाही बैठकीला बोलवा. "पाऊण तास" म्हणजे घड्याळात किती वाजता, हे त्यांनी कागदावर लिहायचं असतं. माझ्या मते विभागात सगळ्यात दुर्लक्षित प्रशिक्षण मावशींचं आहे.

प्रोस्टेटला तोच त्रास गुदाशयातल्या गॅसचा. उपचार चालू असेपर्यंत हरभऱ्याची डाळ, झणझणीत शेवभाजी, हिरव्या मिरचीचं भरीत जपून, असं सांगावं लागतं. थंडीत भरीत पार्ट्यांच्या दिवसांत हे ऐकणारे कमी. फोटोत गुदाशय फुगलेलं दिसलं तर शिफ्ट लावू नका, पेशंटला उतरवा आणि थोडं चालवून आणा.

बाईच्या फोटोत लसिका ग्रंथींसाठी हाडं जुळवावी लागतात आणि गर्भाशय वेगळंच हललेलं असतं. दोन्ही एका शिफ्टमध्ये साधत नाही. हाडं जुळवा, मग गर्भाशय पीटीव्हीच्या रेषेत आहे का बघा. नसेल तर बीम नाही, पाणी पुन्हा. हा निर्णय सुरुवातीला डॉक्टरांनी कंसोलवर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा घ्यावा. आठ-दहा पेशंट असे झाले की टेक्नॉलॉजिस्टची नजर बसते.

"चालेल, लावा"

आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते ती. साठवलेल्या फोटोंच्या संचात मी एक छातीचा फोटो मुद्दाम एका मणक्याने चुकवून ठेवते. डॉक्टर माझ्या कटात सामील असतात. एका ठिकाणी चोपड्याची एक मुलगी कंसोलवर होती, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. सर मागे उभे.

"चालेल. शिफ्ट लावा," सर म्हणाले.

ती गप्प. मग म्हणाली, "सर, बरगडी जुळत नाहीये."

"मणका जुळलाय की."

"जुळलाय सर, पण तो शेजारचा आहे."

सरांनी ठरल्याप्रमाणे आवाज चढवला, "बाहेर पंधरा पेशंट बसलेत, कळतंय का?"

तिने माऊसवरचा हात काढला. "मग मॅडमना बोलावते. मी नाही लावणार."

सरांनी तिथल्या तिथे सगळ्यांसमोर तिला शाबासकी दिली आणि हा बनाव होता हे सांगितलं. ही शाबासकी देणं डॉक्टरांचं काम आहे, माझं नाही. मी दिली तर तिचा उपयोग निम्माच. पहिल्या फेरीला बरेचजण गप्प बसतात, तेव्हा त्यांना रागावू नका. एक वाक्य पाठ करून घ्या: "थांबा, मला पटत नाहीये." कारण नंतर सांगता येतं. विभागाचा लेखी नियम असा हवा की हे वाक्य कोणीही बोललं, मग ते मावशी का असेनात, तरी बीम चालू होणार नाही.

त्याच कागदावर आकडेही लिहा. मी मान-तोंडासाठी असे ठरवून देते: ३ मिमीपर्यंत शिफ्ट लावा आणि पुढे जा. ३ ते ५ मध्ये लावा, पण पुन्हा फोटो घ्या. ५ मिमी किंवा ३ अंशांच्या वर फिजिसिस्टला हाक मारा. सेंटिमीटरच्या वर गेलं तर पेशंटला उतरवून सुरुवातीपासून. तुमचे आकडे वेगळे असतील. ते भिंतीवर असले पाहिजेत, कोणाच्या डोक्यात नकोत.

मार्जिन आपली आपण काढा

परदेशातल्या पेपरमधली ३ मिमी उचलून लावू नका. पहिल्या वीसेक पेशंटच्या रोजच्या शिफ्ट एका एक्सेल शीटमध्ये भरा. प्रत्येक पेशंटची सरासरी काढा. या सरासऱ्या एकमेकींपासून किती पसरल्या आहेत ती सिस्टिमॅटिक चूक, म्हणजे रोज एकाच बाजूला होणारी. एकाच पेशंटमध्ये दिवसागणिक होणारी हालचाल ही रँडम. मार्सेल वॅन हर्क यांच्या २००० सालच्या सूत्रात पहिलीला २.५ ने आणि दुसरीला ०.७ ने गुणून बेरीज करायची. समजा सिस्टिमॅटिक १.२ मिमी आणि रँडम १.८ मिमी निघाली. ३.० अधिक १.२६, म्हणजे साधारण ४.३ मिमी. पहिलीचा गुणक किती मोठा आहे बघा. रोज थोडं इकडेतिकडे झालेलं परवडतं, सिम्युलेशनच्या दिवशी घाबरून खांदे ताठ केलेले महागात पडतात. हे गणित मी टेक्नॉलॉजिस्टकडून त्यांच्याच आकड्यांवर करून घेते. त्या दिवसानंतर सिम्युलेशनला कोणी घाई करत नाही.

कंसोलवर स्वतंत्र बसायची सही देण्याआधी प्रत्येकाला डॉक्टरांनी आधीच मॅच केलेले दहा जुने फोटो द्या. फरक २ मिमीच्या आत आला पाहिजे. सॉफ्टवेअर बदललं की पुन्हा.

डाव्या स्तनासाठी श्वास रोखून उपचार करतात, त्याने हृदय बीमपासून दूर जातं. तो सराव आधी घरी करायला द्या आणि सूचना पेशंटच्या बोलीत द्या. "माय, दम भरी ले… धरी ठेव… सोडी दे" असं अहिराणीत म्हटलं की जो श्वास मिळतो, तो स्पीकरवरच्या इंग्रजी सूचनेला मिळत नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पेशंटसाठी सोबतच्या नातेवाइकाच्या आवाजात त्यांच्या भाषेतल्या सूचना रेकॉर्ड करून घ्या. कपडे उतरवायचे असल्याने तिथे बाई टेक्नॉलॉजिस्ट हवी, हे वेगळं सांगायला नको.

फुप्फुसाच्या एसबीआरटीची, म्हणजे मोजक्या फ्रॅक्शनमध्ये मोठा डोस देण्याची, घाई नको. ३० फ्रॅक्शनमध्ये एक दिवस चुकला तर सुमारे ३ टक्के डोस चुकीच्या जागी जातो, ३ फ्रॅक्शनमध्ये एक तृतीयांश. रोजचं मान-तोंड आणि पोट निर्धोक झाल्यावरच तिकडे वळा, आणि त्या प्रत्येक फ्रॅक्शनला डॉक्टर व फिजिसिस्ट दोघेही कंसोलवर हजर पाहिजेत.

वही, वीज, अखाजी

होता होता वाचलेल्या चुकांची एक वही ठेवा, नाव न लिहिता. सकाळी दहा मिनिटं उभ्याउभ्या ती वाचायची. फ्रान्समधल्या एपिनालची गोष्ट मी दरवेळी सांगते. २००४-०५ मध्ये तिथे प्रोस्टेटच्या पेशंटना नव्या वेजचं (बीमची तीव्रता एका बाजूला उतरती करायची सोय) सॉफ्टवेअर चुकीचं वापरल्यामुळे जीवघेणा जास्त डोस गेला, आणि वापराची माहिती कर्मचाऱ्यांच्या भाषेत नव्हती हे चौकशीत पुढे आलं. त्याच ठिकाणी रोजच्या पोर्टल फोटोंचा (उपचाराच्या बीमनेच काढलेल्या) डोस हिशेबात न धरल्याने आणखी सुमारे ४०० जणांना ८ ते १० टक्के जास्त गेला होता. म्हणून कंसोलवरची पाटी मराठीत लिहा, आणि कुठला फोटो किती डोस देतो हे टीमला माहीत असू द्या. पोटाच्या कोन-बीमला साधारण १ ते ३ सेंटीग्रे (ग्रेचा शंभरावा भाग) जातात. एका दिवशी मॅच होईना म्हणून चार-चार कोन-बीम काढणं हा उपाय नव्हे.

वीज मधेच गेली तर यूपीएस मशीनला सावरतो, पेशंटला नाही. दिवे गेले की माणूस दचकतो, मान वळवतो. किती मॉनिटर युनिट (मशीन बीम मोजतं ते एकक) गेले ते आधी लिहून घ्या, आणि साचा उघडला असो वा नसो, उरलेला बीम देण्याआधी नवा फोटो.

कंसोलवर दोन माणसं हा नियम मोडतो तो अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि लगीनसराईत. निम्मा स्टाफ रजेवर असतो, उरलेला एकटाच मॅच करतो आणि एकटाच मंजूर करतो. दोन जोड्यांऐवजी तीन जोड्या मार्चपर्यंत तयार ठेवा, आणि माणसं कमी पडली तर पेशंटच्या वेळा पसरवा. गर्भाशयमुखाच्या बायकाही माहेरी जायचं म्हणून चार दिवस मागतात. तो पूर्ण उपचार आठ आठवड्यांच्या आत संपायला हवा, हे सिम्युलेशनच्याच दिवशी सासू आणि नवऱ्यासमोर सांगा. तरीही कोणी गेलीच, तर परतल्यावरच्या पहिल्या दिवशी तिला यादीत सकाळची शेवटची वेळ द्या म्हणजे घाई नसते, पाणी आणि सोनोग्राफी नव्याने करा, आणि फोटो जुळवताना डॉक्टरांना खाली बोलवा.